एक सूत आत

गिरणी बंद झाली तेव्हा मिळालेल्या पैशांत
लोकांनी छपरं नीट केली, पोरांना तोरिनोला शिकायला धाडलं.
मी ही लाल गाडी घेतली:
दोघांपुरती, बुटकी, माझ्याहून वीस वर्षांनी लहान,
इंजिन पाठीशी.

पाठीशी. केवढा भरवशाचा शब्द.

चेस्टनटच्या रानातल्या तिसऱ्या वळणावर,
शनिवारी, रस्ता कोरडा ठणठणीत,
कुत्रं आडवं आलंय असं वाटून
मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. एवढंच.
गाडीने पाठ फिरवली.
म्हणजे अक्षरशः: मागची बाजू पुढे आली
आणि ज्या रस्त्याने मी आले होते तो रस्ता
समोरच्या काचेतून मला न्याहाळत राहिला.
कुत्रं नव्हतंच. पोतं होतं.

एर्मान्नो म्हणाला, "दोष पायाचा आहे, देल्फिना.
ऐन वळणावर पाय मागे घेतलास
की वजन पुढच्या चाकांकडे पळतं,
मागची होतात पोरकी,
आणि तुझ्या कमरेमागचं ते धूड म्हणतं,
सर, आता मी पुढे."
मी म्हटलं, "पाय माणसाचा आहे,
कधीतरी मागे घेतला जाणारच.
गाडीला तेवढं समजायला नको?"
त्याने टोपी काढून बाकावर ठेवली.
म्हणजे कबूल.

पहिल्या दिवशी आम्ही सगळंच केलं.
मागचा अँटी-रोल बार ढिला, पुढचा ताठ,
मागचे शॉक दोन खटके मऊ, हवा थोडी कमी.
संध्याकाळपर्यंत गाडी इतकी शहाणी झाली
की वळायलाच तयार नाही.
स्टिअरिंग पिळलं तरी नाक सरळ
सान रोक्कोच्या चॅपेलकडे,
दर रविवारी माझी मावशी निघायची तसं.

मग मागावरची रीत आठवली:
धागा तुटतोय? एका वेळी एकच स्क्रू.
सगळे फिरवलेस तर कापड सुधारेलही,
पण कशाने, ते कधी कळायचं नाही.
वही काढली. सगळं मूळपदावर.
मंगळवारी फक्त पुढचा बार. बरं वाटलं, पण थोडंच.
गुरुवारी पाऊस, काही नाही.
शुक्रवारी एर्मान्नोने गाडीखाली आडवं होऊन
मागच्या डाव्या आर्मला पहार लावली
आणि शिवी न देता गप्प झाला,
तेव्हाच मला समजलं.
बुशचं रबर हातात भुगा होऊन आलं.
जोर पडला की ते चाक
आपलं आपण बाहेर बघायला लागायचं,
आणि मी इतके दिवस
माझ्या पायाला बोल लावत होते.

नवं बुश बसलं. राहिली चाकांची दिशा.
लेझरचं यंत्र खाली बिएल्लात, तासाला साठ युरो.
माझ्याकडे दुपदरी धाग्याचं अख्खं रीळ,
गिरणीच्या लेबलासकट.
गाडीच्या दोन्ही अंगांनी धागा ताणला.
एर्मान्नो म्हणाला, लोकर ताणते.
म्हटलं, हे तू मला सांगतोस?
बोटाने छेडला. तीस वर्षं ताण मी कानानेच मोजला.
पट्टीवर तीन मिलिमीटर,
सुताराच्या मापात एक सूत:
मागची दोन्ही चाकं तेवढीच आत वळलेली,
एका बाकावर बसून
फार न बोलणाऱ्या दोघांसारखी.

रविवारी तिसरं वळण, तिसरा गिअर.
शेजारी एर्मान्नो, हात गुडघ्यांवर.
मी मुद्दाम पाय मागे घेतला.

मागची बाजू हलली. हललीच.
आधी कमरेला कळलं, हातांना नंतर.
निघू का, असं विचारल्यासारखी हलली
आणि उत्तराला थांबली.
मी पाय हळूच परत ठेवला,
ती रुळावर आली.

"अजून अर्धं सूत घेऊ आत?" त्याने विचारलं.
"नको," मी म्हणाले.
"मागे कुणीतरी आहे एवढं कळू दे."
त्याने टोपी घातली.
पोतं अजून तिथेच पडलं होतं.